दोरा बांधलेला चतुर

प्रश्न : माझा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे. पाऊस उघडल्यापासून आमच्या सोसायटीच्या बागेत चतुर खूप आलेत. हा ते पकडतो आणि शेपटीला दोरा बांधून फिरवतो. परवा तर एकाचे दोन पंख उपटले आणि तो जमिनीवर कसा सरपटतो ते बघत बसला. त्याआधी गोगलगाईंवर मीठ टाकलं होतं. यजमानांनी दोन थोबाडीत दिल्या. सासूबाई म्हणतात, 'मुलं करतातच असं, तुझ्या नवऱ्याने काय कमी केलंय?' मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. पंख उपटताना तो हसत होता, ताई. हा मोठेपणी कसा होईल?

उत्तर :

तुम्हाला झोप लागली नाही ती त्या हसण्यामुळे, म्हणून आधी त्याबद्दलच बोलते. मी १४ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि गेली १७ वर्षं मुलांचं समुपदेशन करते. मुठीत काहीतरी जिवंत वळवळतंय आणि मूल हसतंय, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मी हसण्याकडे कमी आणि नजरेकडे जास्त बघते. मुलाचे डोळे त्या जिवावर खिळलेले असतील तर ते हसू बहुतेक वेळा उत्तेजनेचं असतं, 'अरे, हे असं होतं तर!' या शोधाचं असतं. हसताना ते तुमच्याकडे किंवा इतर मुलांकडे बघत असेल, तर त्याला चतुराशी काही देणंघेणं नाही, त्याला आपला पराक्रम दाखवायचाय. आणि समोरच्या जिवाची धडपड वाढली की हसू वाढतं, तो निपचित पडला की कंटाळा येतो, असं वारंवार दिसलं तर मात्र मी खुर्ची पुढे ओढून बसते. तुमचा मुलगा चतुर कसा सरपटतो ते बघत बसला होता, असं तुम्हीच लिहिलंय. हे पहिल्या प्रकारातलं वाटतं.

पण म्हणून सासूबाईंचं बरोबर, असं मी म्हणणार नाही.

महाभारताच्या आदिपर्वात अणीमांडव्य ऋषींची गोष्ट आहे. चोरांनी चोरीचा माल त्यांच्या आश्रमात लपवला, ऋषी मौनात होते, राजाच्या माणसांनी त्यांनाच चोरांचे साथीदार ठरवून सुळावर चढवलं. पुढे त्यांनी कर्माचं फळ देणाऱ्या धर्मदेवाला जाऊन विचारलं, माझ्या कोणत्या कर्माचं हे फळ? धर्म म्हणाला, लहानपणी तू पतंगांच्या शेपटीत काडी खुपसली होतीस. म्हणजे तुमची तक्रार दोन-तीन हजार वर्षं जुनी आहे, आणि किडाही जवळपास तोच आहे. मांडव्यांचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. मी ते केलंच नाही, असं ते म्हणत नाहीत. त्यात काय एवढं, असंही म्हणत नाहीत. ते म्हणतात, तेव्हा मी अजाण होतो आणि तू दिलेली शिक्षा अपराधापेक्षा कितीतरी मोठी आहे. धर्माला त्यांनी शाप दिला, तो विदुर होऊन जन्मला. त्याच वेळी त्यांनी मर्यादा घालून दिली की १४ वर्षांपर्यंतच्या मुलाच्या कृत्याचं पाप धरलं जाणार नाही. आपला आजचा कायदाही ७ वर्षांखालच्या मुलाच्या कृत्याला गुन्हा मानत नाही.

पंख उपटणं क्रूरच आहे, ते गोड मानून सोडून द्यायचं नाही. पण तेवढ्यावरून मूल क्रूर ठरत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या की पुढचं सगळं सोपं होतं. यजमानांनी त्या एक केल्या, सासूबाईंनी दोन्ही झटकून टाकल्या आणि तुम्ही त्या एकीवरून वीस वर्षांनंतरच्या माणसाची भीती घेऊन बसलात.

थोबाडीत मारण्याबद्दल स्पष्टच लिहिते. मोठ्या हाताने लहान जिवाला धरलं आणि दुखवलं, हेच तुमच्या मुलाने चतुराला केलं होतं. पाच मिनिटांनी तेच त्याच्या वाट्याला आलं. यातून त्याला दया शिकता येत नाही. मोठं असलं की असं करता येतं, हे मात्र पक्कं शिकता येतं. यजमानांचा राग खरा होता आणि तो चतुरासाठी होता, हे मी समजू शकते. त्यांनी मुलाला एवढंच सांगावं, 'मला राग आला होता, पण मी मारलं ते चुकलं.' बापाच्या तोंडून हे ऐकलेलं मूल स्वतःची चूक कबूल करायलाही लवकर शिकतं.

आता वय. दोन-अडीच वर्षांचं मूल मांजरीच्या पिल्लाला आवळतं, कारण हातात किती जोर आहे हेच त्याला ठाऊक नसतं. तिथे फक्त हात धरून 'असं, हळू' दाखवायचं असतं, पन्नास वेळा. साधारण ५ ते ७ या वयात मुलाला हळूहळू कळायला लागतं की मेलेलं परत उठत नाही. त्याआधी मरण म्हणजे त्याच्या लेखी झोपेचाच एक प्रकार असतो. त्यात पालीने टाकलेली शेपूट वळवळताना त्याने पाहिलेली असते, ती परत येते हेही कुणीतरी सांगितलेलं असतं. मग चतुराचे पंखही येतील की! हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं की चतुर एकदा पाण्यातून बाहेर आला, त्याला पंख फुटले, की पुन्हा कात टाकत नाही. तुटलेला पंख तुटलेलाच राहतो. साडेसहा वर्षांच्या मुलाला हे कळू शकतं, आणि ते कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

त्या क्षणी काय करायचं? आधी हात थांबवायचा. ओरडून नाही, जवळ जाऊन, त्याच्या उंचीला बसून, त्याच्या मुठीवर आपला हात ठेवून. 'थांब. हात उघड.' एवढंच. 'राक्षस आहेस का?', 'तुला कुणी असं केलं तर?', 'पाप लागेल, पुढच्या जन्मी गोगलगाय होशील' ही वाक्यं त्या वेळी गिळून टाका. पापाची भीती घातलेलं मूल एकतर रात्री घाबरून उठतं, नाहीतर दोन दिवस वाट बघतं, काहीच झालं नाही हे पाहतं आणि तुमच्या शब्दावरचा विश्वास घालवून बसतं. 'बघ, किती रडतोय तो' हेही नको. चतुर रडत नाही, हे मुलाला समोर दिसतंय. कीटकांना आपल्यासारखी वेदना होते का, यावर शास्त्रज्ञांचंही एकमत नाही. म्हणून जे दिसतंय तेच बोला. 'तो सुटायला बघतोय. पाय बघ कसे मारतोय. त्याला इथे थांबायचं नाहीये.' हे खरं आहे आणि मुलाला ते स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येतं.

'तुला कुणी असं केलं तर?' हा प्रश्न मी स्वतः विचारलेला आहे, म्हणून एवढं ठामपणे सांगते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी दुसरीतल्या एका मुलाने कुंपणावरच्या सरड्याला दगडाने ठेचलं. मी त्याला वर्गासमोर उभं केलं आणि सगळ्यांना विचारलं, 'याचा हात असाच ठेचला तर चालेल का?' वर्ग एका सुरात 'नाही' म्हणाला. तो मुलगा खाली बघत उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, धडा मिळाला. महिन्याभराने शाळेच्या मुतारीमागे एका खड्ड्यात चार मेलेले सरडे सापडले. माझ्यामुळे त्याचं सरडे मारणं थांबलं नव्हतं, ते फक्त माझ्या नजरेआड गेलं होतं. वर मुलांनी त्याला 'सरडेमाऱ्या' नाव पाडलं, ते चौथीपर्यंत त्याला चिकटून राहिलं. ज्या मुलाला सगळे एका नावाने ओळखतात, ते मूल त्या नावासारखंच वागायला लागतं. लाज आणून मूल सुधारेल, ही माझी समजूत त्या खड्ड्यापाशी संपली.

पुढे काही वर्षांनी अकोले तालुक्यातल्या एका शाळेत होते. दसऱ्याच्या आसपासचे दिवस. मधल्या सुट्टीत पहिलीतला एक मुलगा दोऱ्याला बांधलेला चतुर घेऊन माझ्याकडेच आला. 'मॅडम, बघा कसा उडतोय! त्याला मजा येतेय!' या खेपेला मी फक्त 'दाखव' म्हणाले. दोरा ओढून काढला तर शेपटी तुटते, म्हणून कात्रीने गाठीजवळ कापला आणि उरलेली गाठ सुईच्या टोकाने सैल केली. त्याला सुईकडे नीट बघू दिलं. चतुर जास्वंदीच्या काडीवर ठेवला. चतुराला धड चालता येत नाही, त्याचे सहाही पाय पुढच्या बाजूला जुळलेले असतात, उडता उडता डास-माश्या धरायला त्यांची टोपलीच होते. काडी मात्र तो घट्ट धरतो. मुलं गोल करून बसली. दोन-तीन मिनिटं काहीच झालं नाही. मग चतुराने डोकं वळवलं, आणि पुढचा एक पाय उचलून डोळ्यावरून फिरवला. एकदा या डोळ्यावरून, एकदा त्या. दोरा बांधणारा मुलगा कुजबुजला, 'चष्मा पुसतोय.' मोठ्याने बोललो तर तो उडेल असं त्याला वाटलं असावं. पंख थरथरले, थांबले, पुन्हा थरथरले, आणि चतुर गेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तो मुलगा रिकाम्या काडीकडे बघत राहिला.

मग मी त्यांना सांगितलं की हा लहानपणी पाण्यात राहतो आणि डासांच्या अळ्या खातो. पावसाळ्याच्या शेवटी झुंडीने दिसणारे पिवळसर चतुर समुद्र ओलांडून मालदीवमार्गे पार आफ्रिकेकडे जातात. तुमच्या बागेतलेही बहुधा तेच असतील. मुलाला हे नकाशावर दाखवा. मात्र ही माहिती नंतर द्या. आधी बघणं व्हायला हवं. उपदेशासारखी ऐकवलेली माहिती मुलाच्या कानावरून निघून जाते.

आता तुमच्या मुलाच्या हाताला काम द्या. नुसतं 'करू नको' म्हटलं तर तो हात रिकामा राहतो. त्याला नेमकं काय हवं होतं ते शोधा. गोगलगाईवर मीठ टाकलं की फेस येतो, ती आक्रसते, ही त्याच्यासाठी जादू आहे. तिच्या अंगावर खवले नाहीत, कातडी ओली आहे, मीठ आतलं पाणी ओढून घेतं, आणि फेस म्हणजे जीव वाचवायला तिने सोडलेला चिकट स्राव. हेच मीठ कोशिंबिरीच्या काकडीवर टाकायला सांगा. दहा मिनिटांत ताटलीत पाणी साचेल. 'काकडीचं पाणी गेलं तर आपण खातो. गोगलगाईचं गेलं तर ती मरते.' ही एकच ताटली दहा व्याख्यानांचं काम करते, माझा अनुभव आहे. दोऱ्याचंही तसंच. दोऱ्याच्या टोकाला काहीतरी स्वतःच्या मर्जीने ओढतंय, ही भावना त्याला हवी आहे. ती छोट्या पतंगात मिळते, संक्रांतीची वाट बघायची गरज नाही. फक्त मांजा साध्या सुती दोऱ्याचा घ्या, नायलॉनच्या मांजाने पक्षी कापले जातात.

भरपाई म्हणून एखादं रोजचं काम ठेवा. गॅलरीत पक्ष्यांसाठी मातीचं परळ, त्यात पाणी, रोज सकाळी घासून बदलायचं. ही शिक्षा आहे असं म्हणू नका. 'आता हे तुझं' म्हणा. कधी विसरला तर तुम्ही गुपचूप भरू नका, कोरडं परळ त्याला दिसू द्या, आणि मग दोघं मिळून भरा. पण दया शिकवायची म्हणून लगेच कुत्र्याचं पिल्लू आणू नका. पिल्लू म्हणजे मुलाचं शिकवणीचं पुस्तक नाही, आणि साडेसहा वर्षांचा मुलगा त्याची जबाबदारी घेऊ शकत नाही, ती तुमच्यावर येणार आहे. आणि घरात पिंजऱ्यात पोपट असेल तर आधी त्याचं बघा. आपल्याकडचे पोपट पाळायला वन्यजीव कायद्याची बंदी आहेच. शिवाय गजाआडच्या पोपटाला मिरची भरवणाऱ्या घराने चतुराच्या दोऱ्याबद्दल मुलाला काय सांगायचं?

तो तुम्हाला विचारणार, हे गृहीत धरा. 'तू झुरळ मारतेस ना? बाबा डास मारतात, आणि आपण चिकन खातो.' यावर 'लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस' म्हटलंत तर संवाद तिथेच संपला. खरं उत्तर द्या. 'डास आजार पसरवतात म्हणून मारतो, आणि मारताना एका फटक्यात मारतो. गंमत म्हणून, हळूहळू, कुणालाच मारायचं नाही.' जेवणाबद्दल तुमच्या घरात जे असेल ते सांगा, लपवू नका. काही मुलं यानंतर काही दिवस मटण खात नाहीत, त्यांना आग्रह करू नका. पाल दिसली की तुम्ही किंचाळून झाडू शोधत असाल, तर ते मात्र आधी बदला. मुलगा तुमचे शब्द जितके ऐकतो त्याहून जास्त तुमचा झाडू बघतो.

त्याचा घोळका कोण आहे, हेही बघा. एकटा असताना जो मुलगा मुंगीला वाट देतो, तोच पाच जणांत पिल्लाच्या शेपटीला फटाक्यांची माळ बांधायला पुढे होतो. तिथे दया कमी नसते, 'घाबरट' म्हणतील याची भीती मोठी असते. अशा मुलाला घरी एक वाक्य पाठ करून द्यावं लागतं, जे मित्रांत वापरता येईल. 'सोड रे, चल क्रिकेट खेळू' इतकं साधं. सगळ्यांना थांबवणं त्याला जमणार नाही, विषय बदलणं जमेल.

कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत एक गोष्ट आजच सांगून ठेवा. 'कुत्रा चावला, मांजराने ओरबाडलं, तर तू आधी काहीही केलेलं असलंस तरी लगेच सांग. कुणी ओरडणार नाही.' मुलं चावा लपवतात, कारण आधी दगड आपण मारला होता, हे त्यांना माहीत असतं. रेबीज एकदा सुरू झाला की माणूस हाती लागत नाही, आणि वेळेवर लस घेतली तर तो टळतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. ओरडण्याच्या भीतीपायी मुलाचा जीव जाऊ नये.

काळजी कधी करायची, हा तुमचा खरा प्रश्न. सात-आठ वर्षांनंतर, नीट समजावून झाल्यावरही तेच चालू राहिलं, लपूनछपून, ठरवून होऊ लागलं. किड्यांवरून मांजराच्या पिल्लांवर आलं. सोबत लहान भावंडांना दुखवणं, आग लावणं, सतत खोटं बोलणं दिसलं. मग थांबू नका. प्राण्यांशी क्रूर वागणं हे मुलांमधल्या गंभीर वर्तनसमस्येच्या निकषांमध्ये मानसोपचारात १९८७ पासून धरलं जातं. पण ते अनेकांपैकी एक लक्षण आहे, तेवढ्यावरून निदान होत नाही. आणि मूल अचानक बदललं असेल, कालपर्यंत मांजराला कुशीत घेऊन झोपणारं आज तिला लाथ मारतंय, तर मी आधी विचारते, याच्यावर काय होतंय? घरात मारहाण बघणारी, स्वतः मार खाणारी, शिकवणीत किंवा शेजारी कुणाकडून छळली जाणारी मुलं तो छळ आपल्याहून लहानावर उतरवतात. तिथे मांजरीचा विषय बाजूला ठेवून मुलाला वाचवायचं असतं. मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत, दोन्ही विनाशुल्क. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे जाण्यात कमीपणा नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचा मुलगा यात बसत नाही. या आठवड्यात एका संध्याकाळी यजमानांना त्याच्याबरोबर बागेत पाठवा. मोबाईल घरी ठेवून. दोघांनी एका झुडपापाशी बसायचं आणि चतुर काडीवर येऊन टेकेपर्यंत हलायचं नाही. सासूबाईंनाही विचारा, त्यांचा मुलगा लहानपणी नेमकं काय करायचा आणि पुढे ते कसं सुटलं. त्या सांगतील ते नातवासमोर सांगू दे. महिन्याभराने मला पुन्हा लिहा. तो चतुर पकडतो की नाही, हे कळवू नका, काही दिवस पकडणारच आहे. पकडल्यावर हात किती वेळाने उघडतो, आणि कुणी सांगायच्या आधी उघडतो का, ते लिहा.